रिव्हर रेड घरच्या संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी दोन टेबलं जोडली जातात आणि त्यांवर जुने खेळ मांडले जातात. माणसं येतात, चहा पितात आणि सगळ्यात जास्त गर्दी होते ती एकाच विमानाभोवती. नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत जे विचारतो तेच खाली लिहून ठेवलं आहे. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे कुठे कुठे मतंही आली आहेत.

हा खेळ आहे तरी काय?

वरून दिसणारी निळी नदी, दोन्ही बाजूंना हिरवे काठ आणि खाली तुमचं एक छोटं विमान. नदी वरून खाली सरकत राहते. समोर बोटी येतात, हेलिकॉप्टर येतात, मध्येच एखादं जेट आडवं निघून जातं. थोड्या थोड्या अंतरावर नदीवर पूल असतो, तो फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काठाला लागलात की गेलात, कशावर आपटलात की गेलात आणि पेट्रोल संपलं की गेलात.

बस, एवढंच. सांगायला अर्धा मिनिट लागतो. माझी त्यात अडतीस वर्षं गेली.

कोणी बनवला?

कॅरल शॉ या बाईंनी, १९८२ साली, ॲक्टिव्हिजन कंपनीसाठी. मूळ खेळ अटारी २६०० या घरगुती यंत्रावरचा. त्या काळात खेळ लिहिणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यातल्या या एक. पुढे अटारीच्याच कीबोर्डवाल्या ८-बिट संगणकांसाठीची आवृत्तीही त्यांनी स्वतःच केली. २०१७ मध्ये गेम अवॉर्ड्स सोहळ्यात त्यांना गौरवलं गेलं, तेव्हा आमच्याकडे त्या रविवारी पेढे वाटले होते. कारण विचारणाऱ्याला पेढा मिळाला नाही.

माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. त्यावर चालेल का?

तुमच्या लॅपटॉपला कळणारसुद्धा नाही की काही चालू आहे. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम लागतो, तो जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो. अटारी २६०० साठी ‘स्टेला’ घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि फुकट आहे. अटारी ८-बिट संगणकासाठी विंडोजवर ‘अल्टिरा’, त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती संगणकांपैकी स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’, कॉमोडोर ६४ साठी ‘व्हाइस’.

स्टेलात सुरुवातीला बाण असलेल्या कळांनी विमान हलतं आणि स्पेस बारने गोळी सुटते. एफ टू दाबलं की खेळ नव्याने सुरू. एवढं कळलं की बाकीचे शंभर पर्याय पहिल्या दिवशी उघडू नका. आमच्याकडे एक गृहस्थ अख्खी दुपार पडद्यावरच्या रेघा जुन्या टीव्हीसारख्या दिसाव्यात म्हणून सेटिंग करत बसले होते आणि एकदाही न खेळता घरी गेले.

आणि खेळाची फाइल? ती कुठून आणायची?

हा खेळ फुकट वाटायला मोकळा झालेला नाही. त्याचे हक्क ॲक्टिव्हिजनकडे आहेत आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टच्या घरात आहे. ‘इतका जुना खेळ, कोण विचारतंय’ हे खरं असलं तरी तो कायदा नव्हे. स्वतःची कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची खेळाची डबी, असेल तर तिची प्रत काढण्याची उपकरणं मिळतात. २००२ साली प्लेस्टेशन २ साठी ‘ॲक्टिव्हिजन अँथॉलॉजी’ नावाचा संग्रह निघाला होता, त्यात हा खेळ आहे. जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे नजर ठेवा. माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येऊ नका, दरवेळी नाही म्हणायला मला संकोच वाटतो.

स्पेक्ट्रमच्या बाबतीत एक गोष्ट सोपी आहे. यंत्राच्या आतला मूळ प्रोग्रॅम एम्युलेटरसोबत द्यायला, स्पेक्ट्रमचे हक्क विकत घेतलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने परवानगी देऊन ठेवली आहे, त्यामुळे फ्यूज उतरवलं की यंत्र तयार मिळतं. खेळाचे हक्क अर्थात वेगळे.

कोणती आवृत्ती खेळू?

पहिल्यांदा खेळत असाल तर अटारी २६०० ची. चित्रं ठोकळ्यांची आहेत, पण हाताला जो वेग आणि जी वळणं मिळतात ती इतर ठिकाणी तशी मिळत नाहीत. ती अंगवळणी पडली की अटारी ८-बिट संगणकाची घ्या. तिच्यात काठावर आणि पुलांवर रणगाडे आहेत, गरम हवेचे फुगे आहेत आणि हेलिकॉप्टर उलट गोळ्या झाडतात. मूळ खेळात शत्रू तुमच्यावर गोळी झाडतच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिथे तुम्ही मरता ते स्वतःच्या घाईने.

स्पेक्ट्रमची आवृत्ती १९८४ ची. ती मी आठवणींसाठी खेळतो. तुम्हाला त्या आठवणी नसतील तर आग्रह नाही.

१९८८ मध्ये ‘रिव्हर रेड २’ आला. त्यात विमान वर-खाली नेता येतं. बरा आहे.

माझं विमान सारखं काठाला धडकतं. काय चुकतंय?

तुम्ही विमानाकडे बघताय. पुलावरून स्कूटर चालवताना पुढच्या चाकाकडे बघता का? नजर पडद्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा. विमान कुठे आहे ते डोळ्याच्या कडेला दिसत राहतं.

दुसरं, वेग. पुढे ढकललं की विमान वेगाने जातं, मागे ओढलं की हळू होतं, सोडून दिलं की मधला वेग. नवशिका माणूस पुढे ढकलतो आणि विसरतो. बेट आलं, म्हणजे नदी दोन फाट्यांत विभागली गेली, की आधी मागे ओढायचं, फाटा निवडायचा आणि मग परत सोडायचं. बेट दिसल्यावर फाटा निवडायला जेमतेम एक सेकंद मिळतो. डावीकडे जाऊ की उजवीकडे असं मनात आलं की समजा बेटावर आपटलात. मी नेहमी डावीकडे जातो. डावीकडे काही खास आहे म्हणून नाही, ठरलेलं असलं की विचार करावा लागत नाही म्हणून.

पेट्रोल पुरतच नाही!

पुरत नाहीच, खेळ त्यावरच रचला आहे. आणि आता जे सांगतो ते या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं आहे. हा गोळ्या झाडण्याचा खेळ आहे असं वाटतं, पण तो मुळात महिनाअखेरच्या हिशेबाचा खेळ आहे. किती शिल्लक आहे, पुढची आवक कधी आणि हातातली वस्तू आता खर्च करायची की ठेवायची. ज्याने घर चालवलंय त्याला हा खेळ लवकर येतो. माझी आई पन्नाशीत पहिल्यांदा खेळली आणि तिसऱ्या डावात माझ्या काकाच्या पुढे गेली. गोळ्या तिने फारशा झाडल्याच नाहीत.

नदीत मधूनमधून टाक्या असतात, त्यांवर इंग्रजीत फ्यूएल ही चार अक्षरं एकाखाली एक लिहिलेली असतात. टाकीवरून विमान नेलं की पेट्रोल भरतं. आजी विचारायची, “म्हणजे रॉकेल का रे?” आम्ही हो म्हणायचो. तेव्हापासून आमच्या घरी त्याला रॉकेलच म्हणतात.

आता भरायचं कसं ते नीट बघा. टाकी दिसली की आधी मागे ओढून वेग कमी करा. टाकीवर तुम्ही जितका वेळ असता तितकं पेट्रोल चढतं, वेगाने गेलात तर घोटभर मिळतं. विमानाचं नाक टाकीच्या खालच्या कडेला लागलं की टुक-टुक-टुक असा आवाज सुरू होतो आणि पडद्याच्या तळाशी पेट्रोल दाखवणारी पट्टी असते तिच्यातली रेघ उजवीकडे सरकू लागते. त्या वेळी खाली पट्टीकडे बघायचं नाही. कानाने भरायचं. टाकी पूर्ण भरली की आवाज बदलतो, जरा वरच्या सुरात जातो. तो आला की लगेच पुढे ढकला. दोन टाक्या लागोपाठ असतील आणि पहिलीतच पोट भरलं, तर दुसरीचं काय करायचं हा पुढचा प्रश्न.

आणि हो, धोक्याची घंटा वाजायला लागली की बहुतेकांचा हात मागे जातो. गाडीत पेट्रोल कमी असलं की आपण हळू चालवतो, तीच सवय. इथे ती मारते. काटा शेवटच्या खुणेला आला की पुढे ढकला आणि पुढची टाकी गाठा. हळू जाऊन इथे काहीच वाचत नाही.

टाकी फोडली तर गुण मिळतात. मग फोडू की भरू?

बोटीचे ३०, हेलिकॉप्टरचे ६०, टाकीचे ८०, जेटचे १०० आणि पुलाचे ५००. टाकीचा आकडा किती हुशारीने ठेवलाय बघा. हेलिकॉप्टरपेक्षा जास्त, म्हणजे मोह होईल एवढा. टाकी हलत नाही, उलट हल्ला करत नाही, समोर उभी असते. फोडायला सर्वांत सोपी तीच. आणि तिच्यावरच तुमचा जीव असतो.

माझा नियम असा: पट्टी अर्ध्याच्या वर असेल आणि पुढे आणखी एक टाकी डोळ्यांना दिसत असेल, तरच फोडायची. ‘येईलच पुढे एखादी’ यावर फोडायची नाही. पहिल्या काही पुलांपर्यंत टाक्या भरपूर असतात आणि माणसाला उधळायची सवय लागते. पुढे टाक्या विरळ होत जातात. सवय मात्र तशीच राहते.

एक अपवाद आहे. टाकी अरुंद जागी आहे, तिच्या पुढेच बोट आडवी येतेय आणि तुम्ही वेगात आहात. अशा वेळी टाकी फोडून वाट मोकळी करा. ८० गुणांसाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी.

गोळी कधी कधी सुटतच नाही. कळ खराब आहे का?

कळ बरोबर आहे. मूळ आवृत्तीत एका वेळी पडद्यावर तुमची एकच गोळी असते. ती कशाला तरी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. लांबून नेम धरून चुकलात तर तेवढा वेळ तुम्ही नि:शस्त्र. म्हणून जवळ जाऊन मारा. जवळून मारलेली गोळी लगेच लागते आणि दुसरी लगेच हाताशी येते. पुलाजवळ बोट आणि हेलिकॉप्टर एकत्र असतील तर आधी जवळचं, मग लांबचं.

शिवाय अटारीवर ‘डिफिकल्टी’ नावाचा स्विच असतो, स्टेलातही तो आहे. तो बी वर असला की सुटलेली गोळी तुमच्या विमानाबरोबर डावी-उजवीकडे वळते. ए वर असला की सरळ जाते. सुरुवातीला बी वर ठेवा. ए वर खेळून जिंकलो असं सांगणारे आमच्याकडे दोघे आहेत, त्यांच्याशी वाद घालू नका.

नदी दर वेळी तीच असते का? मला तसं वाटतंय.

बरोबर वाटतंय. तीच नदी, तीच बेटं, तेच पूल, दर वेळी. म्हणूनच ती पाठ करता येते.

पण मजा पुढे आहे. ही नदी कुठे साठवलेलीच नाही. अख्खा खेळ ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलाय आणि अटारी २६०० मध्ये कामापुरती स्मृती फक्त १२८ बाइट. किती कमी ते सांगतो. ‘भिडे पूल पाण्याखाली गेल्याने वाहतूक बंद’ ही दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारी ओळ आजच्या फोनवर मराठीत लिहिली तर १०७ बाइट घेते. उरले २१. तेवढ्यात विमान, गोळी, शत्रू, गुण, पेट्रोल सगळं सांभाळायचं. अख्ख्या नदीचा नकाशा ठेवणार कुठे?

शॉबाईंनी नकाशाऐवजी नदी तयार करण्याची रीत ठेवली. एक आकडा घ्यायचा. त्यातले बिट, म्हणजे तो आकडा ज्या शून्य-एकांनी लिहिलेला असतो ते, एक घर सरकवायचे आणि ठरावीक बिटांची आपसात गाठ घालून जो निकाल येईल तो रिकाम्या घरात भरायचा. झाला नवा आकडा. त्यावरून ठरतं की काठ इथे आत येतो की बाहेर जातो, इथे बोट की टाकी. मग पुन्हा तेच. आकडे बाहेरून बघणाऱ्याला वेडेवाकडे वाटतात, पण पहिला आकडा तोच असला की पुढचे सगळे तेच येतात. पाढ्यासारखं. एकोणतीसचा पाढा कोणी वहीत लिहून खिशात ठेवत नाही, एकोणतीस मिळवत गेलं की तो आपोआप तयार होतो.

आणखी एक गंमत: नदीची डावी बाजू ही उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा आहे. बेट नेहमी बरोबर मधोमध येतं. अटारीचं यंत्र पार्श्वभूमीचा अर्धाच भाग घेतं आणि उरलेला उलटा करून दाखवू शकतं, त्याचा हा उपयोग. खेळताना मला हे वीस वर्षं दिसलं नव्हतं. एका अकरावीतल्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, ही रांगोळीसारखी का आहे?”

पुलांना तुमच्याकडे नावं का आहेत?

कारण लहानपणी ‘मी सतराव्या पुलापर्यंत गेलो’ असं म्हटलं की भांडण व्हायचं, मोजलं कोणी? म्हणून पहिला लकडी पूल, दुसरा नवा पूल, मग संगम पूल, मग बंडगार्डन. त्यापुढे आमचं कोणीच जात नव्हतं. हल्लीची मुलं म्हात्रे पुलापासून सुरू करतात आणि झेड ब्रिजवर मेलं की दुःख जास्त करतात. पूल फोडला की तो टप्पा तुमचा. पुढे विमान फुटलं तर नवं विमान त्या फोडलेल्या पुलापासून निघतं, मागे जावं लागत नाही. म्हणून पूल जवळ असताना विमान वाचवण्यापेक्षा पूल फोडणं जास्त मोलाचं.

विमान प्रवाहाच्या दिशेने जातं की उलट?

पाणी वाहताना दाखवलेलंच नाही. हा प्रश्न फक्त पुण्यातच विचारला जातो.

कॅसेटवरून खेळ लोड करायचे म्हणजे काय? टेबलावर तो टेपरेकॉर्डर कशाला?

भारतात डेसिबेल्स या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला होता. माझ्या काकांनी एक घेतला. घरातल्यांना सांगितलं होतं की हिशेबाला उपयोगी पडेल. तो हिशेबाला एकदाही उपयोगी पडला नाही.

स्पेक्ट्रमवर खेळ साध्या ऑडिओ कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची, जे ही कळ दाबायची म्हणजे पडद्यावर आपोआप लोड हा शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, मग एंटर आणि मग टेपरेकॉर्डरचं प्ले बटण. पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे आणि एकसुरी किंचाळी, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आणि कानात पाऊस पडावा तसा खरखराट. चार-पाच मिनिटं. त्या वेळात वाड्यात कोणी जोरात चाललं तरी काका बोट वर करून थांबवायचे, जणू सोवळ्यात आहेत.

आणि चार मिनिटं पन्नास सेकंदांनी खाली ओळ यायची: आर टेप लोडिंग एरर. पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय एकच. प्रत्येक टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरपेपणा बदलतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा तिरपेपणा वेगळा, आपला वेगळा, म्हणून आवाज मंद येतो आणि संगणकाला कळत नाही. काकांनी टेपरेकॉर्डरच्या झाकणाला बरोबर त्या स्क्रूच्या समोर भोक पाडलं होतं. कॅसेट चालू ठेवायची, कान स्पीकरला लावायचा आणि विजेच्या टेस्टरने तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. आवाज जिथे सर्वांत कर्कश आणि टोकदार होतो तिथे थांबायचं. तिथे लोड होतंच. नंतर त्याच टेपरेकॉर्डरवर आजी अभंग लावायची आणि म्हणायची, आवाजाला काहीतरी झालंय. खरंच झालेलं असायचं.

टेबलावरचा टेपरेकॉर्डर तोच. भोक अजून आहे. एम्युलेटरवर खेळ एका सेकंदात लोड होतो. फ्यूजमध्ये हवं असेल तर खऱ्या वेगाने लोड करण्याचा पर्यायही आहे. तो चालू करून चहा करायला जाणारे आम्ही तिघे-चौघे आहोत.

कीबोर्डवर खेळू की जॉयस्टिक घेऊ?

कीबोर्डवर सुरुवात करा. काही स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी पोहोचत नाही. पुढे, डावीकडे आणि गोळी एकाच वेळी दाबून बघा. गोळी सुटली नाही तर गोळीची कळ बदला, बऱ्याचदा कंट्रोल किंवा शिफ्टवर नेली की काम होतं.

जॉयस्टिक घ्यायची तर जुन्या पद्धतीची, चार दिशांची, एका बटणाची. हल्लीच्या गेमपॅडवरचा अंगठ्याचा गोळा या खेळाला फार मऊ पडतो. नऊ पिनांच्या जुन्या जॉयस्टिकला यूएसबीला जोडणारा ॲडॅप्टर मिळतो. जॉयस्टिक दुरुस्त करायची असेल तर तपकीर गल्लीत जा. तिथे ‘अटारीची जॉयस्टिक’ म्हणून मागितलंत तर नाही म्हणतील. ‘मायक्रोस्विच, छोटा, पत्तीवाला’ म्हणून मागा, लगेच मिळेल. जुन्या वस्तू शोधायच्या तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. माझी सध्याची जॉयस्टिक तिथे एका इस्त्री आणि पितळी घंटेच्या मध्ये पडली होती.

ब्लूटूथवाली काहीही घेऊ नका. हात आणि विमान यांच्यात किंचित उशीर होतो आणि अरुंद फाट्यात तेवढा उशीर पुरतो.

रंग वेगळे दिसतात, खेळही हळू वाटतो.

तुम्ही युरोपातल्या टीव्हींसाठीची ‘पाल’ (PAL) आवृत्ती चालवताय. अमेरिकेची एनटीएससी आवृत्ती सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवते, पाल ५० वेळा. एनटीएससी घ्या. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही उशिरा दाखवतो.

माझ्या आत्याने अमेरिकेहून खरी अटारी २६०० आणलीय. लावू का?

थांबा. तिचा ॲडॅप्टर आधी बघा. तो ११० व्होल्टचा असणार. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावलात तर आधी वास येईल, मग धूर. आमच्याकडे हे झालेलं आहे. एका दुकानदाराने ‘चालतंय की, बिनधास्त लावा’ म्हणून सांगितलं होतं. यंत्र वाचलं, ॲडॅप्टर गेला आणि टेबलक्लॉथवर एक तपकिरी चौकोन राहिला, तो फुलदाणीखाली आहे.

लागतो तो ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअर, आणि पिनच्या टोकाला धन बाजू. इथेच तयार मिळतो, पिन मात्र तपासून घ्या, ती हेडफोनच्या बारीक पिनसारखी असते.

जुना जाड काचेचा टीव्ही मिळाला तर उत्तम, चित्र त्यावरच खुलतं. पण तो बिघडला तर स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जबर झटका बसेल एवढा विद्युतभार राहू शकतो. जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, पेठांमध्ये अजून आहेत.

मध्येच वीज गेली तर?

पुण्यात वीज दुरुस्तीसाठी जाते ती गुरुवारी, तेव्हा गुरुवारी खेळू नका. खेळायचंच असेल तर एम्युलेटरमध्ये खेळ आहे तसा साठवून ठेवता येतो, दर दोन पुलांनी साठवा. स्पर्धेच्या दिवशी मात्र आमच्याकडे साठवणं बंद असतं आणि त्यावर दर वेळी तक्रार होते.

या खेळावर खरंच कुठे बंदी होती?

पश्चिम जर्मनीत. १९८४ मध्ये तिथल्या सरकारी यादीत, म्हणजे मुलांना विकू नये अशा गोष्टींच्या यादीत, हा खेळ घातला गेला. कारण दिलं होतं ते साधारण असं की यातून मुलांवर लष्करी शिक्षणासारखे संस्कार होतात. २००२ मध्ये तो यादीतून निघाला. ज्यांना वाटतं की यातून लष्करी शिक्षण मिळतं त्यांनी आमच्याकडचे खेळाडू एकदा येऊन बघावेत.

लोहगावला सुखोई उडतात तसं काही यात आहे का? मुलाला पायलट व्हायचंय.

नाही. विमान कसं उडतं हे शिकायचं तर फ्लाइट सिम्युलेटर वेगळे असतात. इथे विमानाला उंचीच नाही. पण मुलाला आणा.

हा खेळ संपतो का?

शेवट नाही. नदी चालूच राहते. दर १०,००० गुणांना एक विमान जास्त मिळतं. दहा लाख गुण झाले की आकड्यांच्या जागी उद्गारचिन्हं येतात, तोच शेवट समजायचा. त्या काळी १५,००० गुणांचा पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवला की कापडी बिल्ला घरी यायचा, ‘रिव्हर रेडर्स’चा. आमच्या काकांनी फोटो काढला होता. फ्लॅश टीव्हीच्या काचेवर उमटला आणि फोटोत आकड्यांच्या जागी पांढरा गोळा आणि त्यात काकांचा अर्धा चेहरा आला. तो फोटो टेबलावरच्या काचेखाली आहे.

तुमचे स्वतःचे सर्वांत जास्त गुण किती?

८३,४५०. पेट्रोल पावाच्याही खाली होतं, समोर एकच टाकी होती आणि मागे उभं राहून पाच जण बघत होते. मी ती फोडली.